ओल कोणाची?

तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याला घरातील कोणत्याही घटनेकडे निव्वळ घटना म्हणून पाहता येत नाही. ती त्याला प्रकरण म्हणूनच दिसते. दूध उतू जाऊ लागले तर इतर लोक गॅस बंद करतात. मी मात्र ते दूध कोणी ठेवले, कोणाच्या देखरेखीखाली ठेवले आणि देखरेख करणारा इसम कोणत्या सबबीवर जागेवरून गैरहजर झाला, याची मनातल्या मनात नोंद घेऊ लागतो, आणि तेवढ्या अवधीत पातेल्यात उरलेले दूधही बाहेर येते, असे आमच्या सौभाग्यवतीचे जाहीर म्हणणे आहे. तेव्हा गेल्या श्रावणात आमच्या ठाण्याच्या घरातील दिवाणखान्याची जमीन फुगल्याचे उघडकीस येताच तिचा रीतसर पंचनामा झाला पाहिजे, असा आग्रह मी धरला, यात नवल काही नाही.

प्रथम मिळकतीचे वर्णन. वादग्रस्त वस्तू म्हणजे सव्वादोन हात लांब व दीड हात रुंद असा एक बिछाना. त्याच्या पूर्वेस सोफा, पश्चिमेस बाल्कनीचे सरकते दार, उत्तरेस दूरचित्रवाणी संच आणि दक्षिणेस माझी आरामखुर्ची, अशी त्याची चतुःसीमा असून त्यावर गेली चार वर्षे निर्वेध कब्जा आहे तो आमच्या कुत्र्याचा. कुत्र्याचे नाव नातीच्या दप्तरी ब्रूनो असे दाखल आहे. मी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून मोत्या म्हणतो, आणि सातबाऱ्यावर एक नाव व वहिवाटीत दुसरे, ही आपल्याकडील सर्वमान्य व्यवस्था त्यानेही मान्य केली असल्यामुळे तो दोन्ही नावांना सारखाच, म्हणजे हातात बिस्कीट असेल तरच, ओ देतो. जागेवरील त्याच्या हक्काची मला पहिल्यापासूनच धास्ती होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या स्थावर मिळकतीवर कोणी १२ वर्षे उघडपणे, अखंड आणि मालकाच्या हक्कास न जुमानता कब्जा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो. लॅब्रेडॉर जातीच्या कुत्र्याचे आयुष्यही साधारण तेवढेच, दहाबारा वर्षांचे असते, हा केवळ योगायोग आहे असे महसूल खात्यात मुरलेल्या मनुष्याला कोणी पटवू शकणार नाही.

आता जमीन. आमच्या या घरात मूळची मोझेकची फरशी होती, आणि तिच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नव्हती. परंतु तक्रार नसणे हेच मुलाला मागासलेपणाचे लक्षण वाटल्यामुळे त्याने तिच्यावर लाकडाची जमीन करून घेतली. लाकडाची म्हणजे लाकडासारखी दिसणारी. लाकडाचा बारीक तंतू राळेसारख्या चिकट द्रव्यात कालवून, प्रचंड दाबाखाली त्याची फळी करायची, तिच्यावर सागवानाच्या छायाचित्राचा कागद डकवायचा आणि कागदावर काचेसारखा टणक थर चढवायचा, अशी ही लॅमिनेट नावाची रचना असून १९७७ साली ती स्वीडन देशात प्रथम सिद्ध झाली. आमच्या वाडवडिलांच्या काळी छायाचित्रे भिंतीवर लावीत. ती पायाखाली घालण्याची सुधारणा आमच्या मुलांच्या पिढीने केली. वरचा थर असा चिवट, की त्यावरून खुर्ची ओढली तरी ओरखडा उठत नाही. परंतु दोन फळ्यांच्या सांध्यातून पाण्याचा थेंब आत उतरला, की गाभ्यातील तंतू तो अधाशासारखा पितात, फुगतात आणि एकदा फुगले की पुढे कितीही वाळले तरी मूळ स्थितीवर येत नाहीत. आमच्या सासुरवाडीकडील काही मंडळींचा स्वभाव असाच आहे. पण ते विषयांतर झाले.

बिछाना सूनबाईंनी व नातीने मिळून मागवला. त्यात भरलेला पदार्थ मेमरी फोम म्हणजे स्मरणशील फोम होता, आणि विमानातील आसने अधिक सुरक्षित व्हावीत म्हणून अमेरिकेतील नासा या संस्थेच्या कामासाठी १९६६ साली तो शोधून काढण्यात आला, ही माहिती मुलाने मला अशा स्वरात सांगितली, की जणू काही मोत्याला लवकरच कामगिरीवर निघायचे होते. मी स्वतः बावीस वर्षे एका कापसाच्या गादीवर झोपत आलो असून पिंजाऱ्याने ती आजवर दोनदा पिंजून दिली, एवढेच तिचे वैभव. त्या फोमची स्मरणशक्ती मात्र खरोखरच दांडगी निघाली: आषाढाच्या पहिल्या सरीचे पाणी त्याला नारळी पौर्णिमेला लख्ख आठवत होते. शिवाय गुळगुळीत जमिनीवरून बिछाना घसरू नये म्हणून त्याच्या तळाला रबरी अस्तर लावलेले होते. त्यामुळे वरून आलेले पाणी गादीत नांदे, कडेने झिरपून खाली उतरे, आणि एकदा खाली उतरले की त्या अस्तराखालून त्याला परतीची वाट नसे.

राहता राहिला कुत्रा. न्यूफाउंडलंडच्या बर्फगार समुद्रात कोळ्यांबरोबर उतरून त्यांची जाळी ओढणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या कुत्र्यांपासून ही लॅब्रेडॉर जात पुढे इंग्लंडात वाढवण्यात आली. तिच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते, वरचे तेलकट आणि राठ, आतले दाट आणि लोकरीसारखे मऊ. वरच्या केसांवर पाणी ठरत नाही, ते ओघळून जाते, अशी या जातीची मोठी कीर्ती आहे. ओघळून ते जाते कोठे, याविषयी कीर्ती गाणारे काही बोलत नाहीत. अशा रीतीने न्यूफाउंडलंडचा कुत्रा, अमेरिकेची गादी आणि स्वीडनची जमीन या तिघांची गाठ ठाण्याच्या पावसाळ्यात पडली, आणि तिघांपैकी एकालाही श्रावण म्हणजे काय प्रकार असतो याची पूर्वसूचना कोणी दिलेली नव्हती.

ओल आणि पाणी या दोन वस्तूंत मोठा भेद आहे. सांडलेले पाणी हा दरोडा होय: तो सर्वांदेखत पडतो, आरडाओरड होते, फडके आणले जाते आणि पाच मिनिटांत मुद्देमाल हस्तगत होतो. ओल ही अफरातफर आहे. तीत रोज चार आणे, आठ आणे अशी रक्कम इकडून तिकडे जाते, वही वरून जुळलेली दिसते, आणि वर्षाअखेरीस तिजोरी उघडावी तो आत काळे डाग. कुत्र्याच्या अंगाचे तपमान आपल्याहून एखाद-दोन अंशांनी अधिक, म्हणजे ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या घरात असते. त्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांतून, आणि बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून वाफेच्या रूपाने टाकतो. म्हणजे मंद आचेवर ठेवलेले एक आधणच म्हणायचे. आता ३० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या पृष्ठभागावर तिचे दव जमते, असे शास्त्र सांगते. उघड्या हवेची जर ही कथा, तर ओल्या अंगाखाली दडपलेल्या आणि थंड जमिनीला चिकटलेल्या बिछान्यातील हवेची काय कथा असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको, जो पावसाळ्यात ओल्या छत्रीचा गुंडाळा चार दिवस कोपऱ्यात विसरला आहे असा कोणीही गृहस्थ ते सांगू शकेल.

प्रकरण उघडकीस आले ते वासावरून. प्रथम संशय मोरीच्या जाळीवर गेला, मग शेजाऱ्यांनी पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरून ठेवलेल्या सुकटीवर, आणि सुमारे आठवडाभर, मला न सांगता, माझ्या पायमोज्यांवरही. अखेर एका सोमवारी देवाला फुले घेऊन जात असता सौभाग्यवतीच्या पायाला जमिनीचा उंचवटा लागला, त्यांनी बिछान्याचे टोक वर उचलले, आणि पाहतात तो फळ्यांच्या कडा होडीच्या काठांसारख्या वर आलेल्या, सांध्यांतून काळी रेघ धावलेली आणि रबरी अस्तराच्या आकाराबरहुकूम पांढरी बुरशी उमटलेली. "अहो, बघा, तुमच्या मोत्यानं काय करून ठेवलंय ते!" असे त्या म्हणाल्या. वाचकांनी या वाक्यातील सर्वनाम नजरेआड करू नये. कुत्र्याने शेजारणीच्या मुलाला हात दिला तेव्हा तो 'आमचा ब्रूनो' होता. जमीन फुगताच विनाअर्ज फेरफार होऊन तो 'तुमचा मोत्या' झाला.

माझे बालपण वाईला गेले. तेथील आमच्या घरात माजघराची जमीन मातीची, चोपण्याने चोपून घट्ट केलेली व शेणाने सारवलेली असे, आणि ओसरीवर निजामाच्या मुलखातून आलेली शहाबादी फरशी होती. सारवलेल्या जमिनीचा गुण असा, की ती पाणी पिई आणि श्वास घेतल्यासारखी ते हवेत सोडून देई. एखादा कोपरा ओलीने उखडलाच, तर आई येत्या सारवणाच्या दिवशी मूठभर मातीने तो बुजवी, आणि त्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक कोणी कोणाकडे मंजुरीला पाठवीत नसे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड; तिला लिंबाचा थेंब सोसत नाही, पण पाण्याने फुगण्याचा हलकेपणा तिने कधी केला नाही. आणि कुत्रे? कुत्रे होते, घराचे म्हणावे तर घराचे, आळीचे म्हणावे तर आळीचे, असे ते दुमाला वतन ओसरीच्या कोपऱ्यात एका गोणपाटावर झोपे. सकाळी सडा घालायच्या आधी आई ते गोणपाट पायाच्या अंगठ्याने ओढून अंगणात नेई, दोनदा झटके आणि कुंपणावर उन्हात टाकी. कुत्रे तिच्याबरोबर उठून जाई, आणि रात्रीपर्यंत त्याचा त्या जागेवर हक्क उरत नसे.

हा नियम कुत्र्यापुरता नव्हता. सूर्योदयानंतर अंथरुणे जमिनीवर दिसणे ही त्या घरात नामुष्कीची गोष्ट समजली जाई. वडिलांचे घोंगडे, आजीची वाकळ, आम्हा भावंडांच्या सतरंज्या, सर्वांच्या घड्या होऊन माजघरातील घडवंचीवर चळत लागे, आणि जो उशिरा उठे त्याच्यासकट अंथरूण गुंडाळण्याची धमकी आई केवळ तोंडी देत नसे. आम्हाला तेव्हा वाटे, की हा शिस्तीचा जाच आहे. हे ओलीचे शास्त्र आहे, हे मला सदुसष्टाव्या वर्षी एका कुत्र्याच्या बिछान्याने शिकवले. आज आमच्या घरात पलंगांमुळे माणसांची अंथरुणे जमिनीवरून अडीच फूट वर गेली, आणि ज्या एका प्राण्याचे अंथरूण जमिनीवर उरले त्याला ते उचलायला हात नाहीत.

असो. प्रकरण चौकशीला निघाले तेव्हा मोत्याचे वकीलपत्र मीच घेतले. महाभारताच्या प्रारंभी जनमेजयाच्या भावांनी यज्ञमंडपात आलेल्या एका निरपराध कुत्र्याला मारले आणि त्याची आई सरमा हिने राजाला अकल्पित भय प्राप्त होईल असा शाप दिला. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्याचे नाकारले. श्रीदत्तांच्या पायाशी तर चार कुत्रे वेदांच्या रूपाने उभे आहेत. तेव्हा या जातीविरुद्ध आरोप ठेवताना दहादा विचार करावा, असे मी प्रास्ताविक भाषण केले. "बाबा, त्या काळी लॅमिनेट नव्हतं," एवढ्या एका वाक्यात मुलाने व्यासांना निकालात काढले.

मग मी पवित्रा बदलला आणि ओल कुत्र्याची नसून इमारतीचीच आहे, ती खालून वर चढली आहे, असा मुद्दा काढला. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता; भिंती आणि पाया जमिनीतील पाणी दिव्याच्या वातीसारखे वर ओढतात हे सर्वश्रुत आहे, आणि आमचे घर तळमजल्यावर आहे. फरशीचे काम करणारा मिस्त्री आला. त्याने बिछान्याच्या जागेवरील आठ फळ्या काढल्या, नंतर सोफ्याखालील दोन काढल्या, आणि मोझेकच्या उघड्या फरशीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून टाकला. खालून ओल येत असेल तर सकाळी कागदाच्या आतल्या अंगाला थेंब दिसतील, कोरडा राहिला तर ओल वरचीच समजायची. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे चारला उठून मी विजेरी लावून कागद पाहिला. सहाला पुन्हा पाहिला. कागद माझ्या सेवापुस्तकासारखा निष्कलंक होता. सोफ्याखालच्या फळ्याही खडखडीत कोरड्या निघाल्या. ओल होती ती केवळ बिछान्याच्या चतुःसीमेत, एक अंगुळ इकडे नाही की तिकडे नाही.

यानंतर साक्षी झाल्या. पहिली साक्षीदार माझी नात, वय वर्षे नऊ. ती म्हणाली, की आजोबा ब्रूनोला पावसातसुद्धा सकाळ-संध्याकाळ फिरायला नेतात. छत्री आजोबांच्या डोक्यावर असते, ब्रूनोच्या नसते. घरी आल्यावर आजोबा पंच्याने आधी आपले डोके पुसतात, मग आपले पाय पुसतात, मग त्याच ओल्या पंच्याने ब्रूनोच्या पाठीवर दोन हात मारून "झालं रे, जा" म्हणतात. पोट? पोट कधीच पुसत नाहीत. मी उलटतपासणीत तिला, "तुला हे कोणी पढवलं?" असे विचारले, त्यावर, "आजोबा, मी रोज बघते ना," असे तिने उत्तर दिले, आणि यापेक्षा वाईट उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून मी तीस वर्षांत ऐकलेले नाही. दुसरी साक्ष सूनबाईंची. बिछाना आणला त्याच दिवशी, घरात दिवसभर असणारा एकमेव कर्ता पुरुष म्हणून रोज सकाळी तो उचलून बाल्कनीत उभा करण्याची आणि आठवड्यातून एकदा त्याची खोळ काढून धुण्यास देण्याची जबाबदारी मी पत्करली होती, असे त्यांनी अत्यंत विनयाने निदर्शनास आणले. लेखी कबुलायत आहे काय, असे मी विचारणार होतो. परंतु त्यांनी हातातील दूरध्वनी संच पुढे केला, आणि त्यात चार वर्षांपूर्वीच्या तारखेखाली माझा संदेश होता: 'काळजी नसावी. व्यवस्था ठेवीन.'

माझी कैफियत अशी होती, की सकाळी आठ वाजता जो जीव चारही पाय वर करून निश्चिंत झोपला आहे, त्याला उठवून त्याच्या अंगाखालचे अंथरूण ओढणे हे माझ्या हातून होत नाही. मी रोज उद्यावर टाकले, आणि उद्या पाऊस असे. सौभाग्यवतीने ही कैफियत पूर्ण ऐकून घेतली. चाळीस वर्षे मी स्वतःचेही अंथरूण उचललेले नाही, असे एक वाक्य त्यांनी निकालपत्रात विनाकारण घातले, त्याची येथे चर्चा करीत नाही. निकाल असा: कुत्रा निर्दोष, आठ फळ्यांचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून वळता व्हावा, आणि पुढील पावसाळ्यात मोत्याचे पोट त्याच्या स्वतःच्या, स्वतंत्र व कोरड्या पंच्याने पुसण्यात यावे.

अंमलबजावणीत एक अडचण उभी राहिली. त्या नक्षीचा साग आता छापत नाहीत, असे दुकानदाराने कळवले. खऱ्या सागवानाची जात दोनशे वर्षांत बदललेली नाही, पण छायाचित्राचा साग चार वर्षांत कालबाह्य झाला. शेवटी सोफ्याखालच्या आठ फळ्या काढून बिछान्याच्या जागी बसवल्या, आणि सोफ्याखाली, जेथे कोणी पाहत नाही तेथे, जुनी मोझेक पुन्हा उघडी पडली. मी मधूनमधून वाकून तिच्याकडे पाहतो.

मोत्यासाठी मी सुताराकडून चार बोटे उंचीची, पट्ट्यांमध्ये वारा खेळेल अशी एक बुटकी घडवंची करून घेतली, तिच्यावर खोळ धुतलेला, तीन दिवस उन्हात तापवलेला बिछाना मांडला आणि सर्व कुटुंबीयांच्या समक्ष त्याला कब्जा घेण्यास पाचारण केले. त्याने ती वास घेऊन तपासली, तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, आणि आत जाऊन मोरीच्या दारातील उघड्या फरशीवर पाय पसरून तो झोपला. तेव्हापासून तो तेथेच झोपतो. बिछाना फुकट जाऊ नये म्हणून आता मी तो आरामखुर्चीपुढे पायांखाली घेतो. तो रोज सकाळी उचलण्याची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आहे, आणि या महिन्यात आजवर मी ती फक्त नऊ वेळा विसरलो आहे.